एमरी पेटवेचा निरोप

मंगळवारी सकाळी एमरी पेटवेने स्वयंपाकघरातला फ्रीज शेजारच्या घरी पोचवला आणि दुपारपर्यंत सोफा, जेवणाचं टेबल, सहाही खुर्च्या आणि बर्फ उपसायची दोन फावडी वाटून टाकली. फावडी देताना त्याला सगळ्यांत हलकं वाटलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बर्मिंगहॅमला फावड्याचं काम पडणार नव्हतं.

एमरी सव्वीस वर्षांचा होता. उंची सहा फूट दहा इंच. गेली चार वर्षं तो बफेलोच्या बास्केटबॉल संघात होता. पहिली दोन वर्षं त्याने बाकावर काढली, तिसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणाचा गुडघा गेला म्हणून तो मैदानात उतरला, आणि चौथ्या वर्षी त्याने आपलं काम इतक्या मुकाट्याने केलं की कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. संघाच्या कॅलेंडरवर तो फेब्रुवारीत होता. त्या फोटोत त्याचं डोकं मावलं नव्हतं.

त्याचा करार जूनमध्ये संपला. पण संपला म्हणजे तो मोकळा झाला असं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या संघाने देऊ केलेल्या करारावर तो सही करू शकत होता. मग जुन्या संघाला दोन दिवस मिळत. तेवढ्यात त्यांनी त्याच अटी कबूल केल्या तर खेळाडूला निमूट तिथेच राहावं लागे. गप्प बसले तर तो सुटला.

बफेलो गप्पच बसणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. संघाचा कारभार पाहणाऱ्या गॅरेट लिंडक्विस्टने जूनमध्ये एमरीला समोर बसवून तासभर त्याच्यातल्या उणिवा वाचून दाखवल्या होत्या. डावा हात कच्चा. उडी बेताची. कॅमेऱ्यासमोर हसत नाही. "मनाला लावून घेऊ नकोस," लिंडक्विस्ट म्हणाला. "तू गुणी आहेस. पण गुणी माणसं आम्हाला स्वस्तात मिळतात."

एमरीने मनाला लावून घेतलं नाही. त्याचं मन तसंही तिथे नव्हतं. मार्चमध्ये त्याच्या वडिलांना, हॉरेस पेटवेंना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ते बर्मिंगहॅमपासून पाऊण तासावरच्या गावात राहत. एमरीची थोरली बहीण नदीन आपली नोकरी आणि तीन पोरं सांभाळून त्यांचं सगळं करत होती. त्यांना बफेलोला आणायचा प्रश्नच नव्हता. ते एकदाच आले होते, जानेवारीत. विमानतळाच्या दारातून त्यांनी बाहेर पाहिलं आणि परतीचं विमान किती वाजता आहे ते विचारलं होतं.

म्हणून बर्मिंगहॅमच्या संघाने तीन वर्षांचा करार पुढे केला, तेव्हा एमरीने तो नीट वाचलाही नाही. वाचला तो त्याची वकील आणि मध्यस्थ लिओना क्रॅट्झने. मंगळवारी सह्या झाल्या. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचची.

"आता नीट ऐक," लिओना फोनवर म्हणाली. "दोन दिवस तोंड शिवून बसायचं. बफेलोबद्दल वाईट बोलू नकोस, आणि चांगलं तर अजिबात बोलू नकोस."

"चांगलं बोलल्याने काय बिघडतं?"

"आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. पण तुझं मला काही सांगता येत नाही."

एमरीने कबूल केलं आणि फोन ठेवला. पण त्याला राहवेना. कुणाच्याही घरून निघताना यजमानांना सांगून, आभार मानून निघायचं, हे हॉरेस पेटवेंनी मुलांच्या अंगात भिनवलं होतं. लहानपणी एकदा एमरी शेजाऱ्यांकडून न सांगता आला, तर त्यांनी त्याला भर पावसात परत पाठवलं होतं, निरोप घेऊन यायला. आता चार वर्षांनी निघायचं आणि कुणाला एक शब्द नाही? तो संध्याकाळी सरावाच्या इमारतीत गेला. तिथे चिटपाखरू नव्हतं. मग त्याने धुण्याच्या यादीचा एक कागद घेतला, मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या आणि धुलाईखोलीच्या दारावर चिकटवल्या. धुलाईखोलीच्या, कारण तिथे वर्तमानपत्रवाले येत नसत.

कागदावर होतं ते असं: "बर्निस, माझे पाय केवढे आहेत ते तुला ठाऊक आहे, तरी चार वर्षांत तू माझा एक मोजा हरवला नाहीस. माझ्या आईलाही हे जमलं नव्हतं. फाटकावरचे मिस्टर ऑगी, त्या डिसेंबरात तुम्ही माझी गाडी बर्फातून ढकलून काढलीत आणि म्हणालात, कुणाला सांगू नकोस, पाठ धरलीय असं मी बायकोला सांगून बसलोय. मी कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी माझ्या जर्सीवर नावातलं एक अक्षर गाळलं, त्यांच्यावर माझा राग नाही. ती जर्सी माझे डॅडी घालून झोपतात. तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळलंत. येतो. एमरी."

बुधवारी सकाळी बर्निसने तो कागद वाचला आणि ती धुलाईयंत्रावर बसून रडली. मग सुनेला दाखवायला तिने त्याचा फोटो काढून पाठवला. सुनेने तो तिच्या बहिणीला पाठवला. बहीण बोलकी होती. दुपारच्या बातम्यांत एमरीचं तिरपं अक्षर अख्ख्या शहराने वाचलं. मिस्टर ऑगींच्या बायकोनेही वाचलं, आणि त्या दिवशी ऑगींनी घरचं संपूर्ण अंगण एकट्याने साफ केलं.

लिओनाचा फोन आला.

"तोंड शिवायला सांगितलं होतं ना?"

"मी बोललो नाही. लिहिलं."

 लिओना म्हणाली, "दार लाव, पडदे ओढ आणि आत बस."

पडदे त्याने सकाळीच देऊन टाकले होते. चार वाजता लोक यायला लागले. गल्लीतले, पलीकडच्या चर्चमधले, कुठून कुठून आलेले. कुणी घरच्या पिरोगींचा, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा, डबा आणला, कुणी भल्यामोठ्या रोस्ट बीफच्या सँडविचची पिशवी आणली. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून सगळे जमिनीवर बसले, आणि रिकामं घर पाहून त्यांना आणखीच भरून आलं. त्यांना वाटलं, संघाने पोराला इतक्या हलाखीत ठेवलं होतं. शेजारीण उठली, घरी गेली आणि नवऱ्याला सोबत घेऊन फ्रीज परत घेऊन आली.

"अहो, तो तुम्हाला दिलाय," एमरी म्हणाला.

"राहू दे रे," ती डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला कुठे माहीत होतं तुझी ही अवस्था."

दूरचित्रवाणीची एक मुलगी माइक घेऊन दारात उभी राहिली. तिने विचारलं, "जाताना काय वाटतंय?" एमरीच्या एका हातात पिरोगी होत्या, दुसऱ्या हातात कुणाची तरी नात. बरं वाटतंय असं त्या माणसांच्या तोंडावर कसं म्हणायचं? तो म्हणाला, "जाणं जड जातंय."

ते खोटं नव्हतं, पण शहराने त्याचा पुढचा अर्थ काढला. मुलाला जायचं नाहीये, लिंडक्विस्ट त्याला हाकलतोय. गुरुवारी सकाळी संघाच्या कचेरीसमोर दोनशे माणसं उभी होती. गेल्या हंगामात सामन्यांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या; संघासाठी इतकी माणसं कधी रांगेत उभी राहिली नव्हती. लिंडक्विस्ट मागच्या दाराने आत गेला. तिथे मिस्टर ऑगी होते. त्यांनी फाटक उघडायला मुद्दाम अकरा मिनिटं लावली.

संघाच्या मालकीणबाई हेडविग पाव्लाक एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. संघ त्यांच्या नवऱ्याचा. तो वारल्यापासून त्या फक्त वर्षातून एकदा जेवण द्यायच्या आणि बाकी सगळं लिंडक्विस्टवर सोपवायच्या. गुरुवारी चार वाजता त्यांनी स्वतः एमरीला फोन लावला.

"बाळ, तुझी चिठ्ठी मी तीनदा वाचली," त्या म्हणाल्या. "माझा स्टॅन आजारी होता तेव्हा तू त्याला कार्ड पाठवलं होतंस. सगळ्या संघात तू एकट्याने. मला तेव्हा तुझं नावही नीट माहीत नव्हतं. लाज वाटते मला."

"मॅडम, त्यात काय एवढं."

"मला एकच खरं खरं सांग. तुला इथे राहायला आवडलं असतं का?"

 एमरीला सांगायचं होतं की माझे डॅडी आजारी आहेत, बहीण थकलीय, मला घरी जायचंय. "मॅडम, माझे डॅडी..." त्याने सुरुवात केली.

"अभिमान वाटत असेल त्यांना," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. फोनवर एक एक्याऐंशी वर्षांची विधवा रडत होती. हॉरेस पेटवेंच्या मुलाला अशा वेळी एकच उत्तर येत होतं.

"हो, मॅडम," तो म्हणाला. "आवडलं असतं."

पावणेपाचला बफेलोने बर्मिंगहॅमच्या सगळ्या अटी मान्य केल्याचं कळवलं.

पहिला फोन लिंडक्विस्टचा आला. त्याने हे पैसे दुसऱ्या, उंच उडी मारणाऱ्या खेळाडूसाठी राखून ठेवले होते. तो खेळाडू आता हातचा गेला होता.

"अभिनंदन," लिंडक्विस्ट म्हणाला. अंत्यविधीला गेल्यावर माणूस बोलतो तसा.

"तुमचंही अभिनंदन," एमरी म्हणाला.

"आम्हाला फार आनंद झालाय."

"मलाही."

 मग लिंडक्विस्टने हळूच विचारलं, "तुला जायचं होतं, नाही का?"

"हो."

"मग बोलला का नाहीस, लेका? मी जूनमध्ये तासभर तुझ्यासमोर बसलो होतो."

"तुम्ही वाचत होता," एमरी म्हणाला.

लिओनाने त्याला रागावायचं ठरवलं होतं, पण त्याचा आवाज ऐकून तिला ते जमलं नाही. तिने फक्त नियम सांगितला. वर्षभर त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देता येणार नाही. आणि बर्मिंगहॅमला तर त्या वर्षात त्याची संमती असली तरीही नाही.

शुक्रवारी बातमीदारांपुढे लिंडक्विस्टने एमरीचा हात धरून वर केला आणि न हसणं हेच या मुलाचं वैशिष्ट्य असल्याचं सांगितलं. शनिवारी सकाळच्या विमानाने एमरी घरी गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत पाठ केलं. मी चुकलो, डॅडी. मला यायचं होतं. मला नाही म्हणता आलं नाही.

हॉरेस पेटवे ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसले होते. मार्चपासून ते फार तर एकेक शब्द बोलत. बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायची. एमरी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला, म्हणजे दोघांची डोकी सारख्या उंचीवर आली. त्याने तोंड उघडलं, पण वडिलांनी डावा हात वर केला. त्यांना आधी बोलायचं होतं.

"गिरणीत," ते म्हणाले. थांबले. "एकतीस वर्षं. शेवटच्या दिवशी... फोरमनने... माझं नाव विचारलं." कपाळावर घाम आला होता. "तुला... सोडेनात ते. मला... फार... बरं वाटलं."

इतकं लांब ते चार महिन्यांत बोलले नव्हते. एमरीने पाठ केलेलं सगळं गिळलं.

"हो, डॅडी," तो म्हणाला. "मलाही बरं वाटलं."

वडिलांनी मान हलवली, समाधानाने. एमरी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला. नदीन स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून भेंडी चिरत होती.

"छान बोलले ना?" तिने न वळता विचारलं.

"खूश आहेत गं. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल."

नदीनने सुरी खाली ठेवली. "एम, गुरुवारी टीव्हीवर तुझी बातमी लागली, तेव्हा त्यांनी हातातला चमचा भिरकावला. भिंतीवर अजून डाग आहे. रात्री जेवले नाहीत. काल ती बाई आली, तर दोन तास तिला सोडेनात. हे गिरणीचं शिकव म्हणून. एकेक अक्षर घोटलं, काल रात्रीही आणि आज पहाटेही. तुला लागू नये म्हणून."

एमरी फ्रीजला टेकला. "आधी काय शिकत होते?"

"तीन आठवडे एकच वाक्य चाललं होतं. तू सामान घेऊन दारात आलास की म्हणायचं. यायला लागलं होतं, जवळजवळ." तिने पुन्हा सुरी घेतली. "काय ते मला विचारू नकोस. मला सांगवणार नाही."

एमरी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. वडिलांनी पेला डाव्या हातात धरला, अर्धं पाणी प्यायले, अर्धं छातीवर सांडलं. एमरीने आपल्या बाहीने ते पुसलं. तो ओसरीच्या पायरीवर बसला. समोरून शेजाऱ्यांची गाडी गेली, गाडीतल्यांनी हात केला, आणि पेटवे बापलेकांनी एकाच वेळी आपापला हात वर केला.

"डॅडी," एमरी म्हणाला, "आधीचं वाक्य काय होतं?"

हॉरेस पेटवेंनी दाराकडे पाहिलं. आत नदीनची सुरी थांबली होती. मग त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ एकदा जुळले, पुन्हा सुटले.

"ते," ते म्हणाले. दम घेतला. "पुढच्या... वर्षी."