व्यंकटमामा आणि सरहद्दीचा मामला
आमच्या गल्लीत दोन कुत्री भांडायला लागली तरी व्यंकटमामा गेटपाशी येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात, "पण ह्याच्या मागं कोण हाय, ते बघा."

नगरसेवक पक्ष बदलो, नवरा-बायकोचं वाजो, की तिकडं रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरोत, मामांच्या लेखी कुणी एकटा भांडतच नाही. एकदा पडद्यांच्या रंगावरून माझी आणि नवऱ्याची जुंपली, तर हे कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "ताई, साहेबांच्या मागं तुमच्या सासूबाई हायेत. तुम्ही नणंदेशी युती करा." सासूबाई आत पोथी वाचत बसलेल्या! पुढं आमच्या घरात काय झालं ते विचारू नका.

मामा नांदेडच्या रेल्वे ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. मामी गेल्या, मुलगा पुण्याला, घरात एकटा जीव. त्यामुळं दूधवाला यायच्या आधीच त्यांच्या टीव्हीवर युद्ध सुरू होतं, आणि आवाज एवढा की तोफगोळे थेट माझ्या ओट्यावर येऊन पडतात. मी शाळेत शिकवते. सकाळी डब्यांची घाई, आणि कानाशी हा धडधडाट! डोकंच फिरतं माझं. ओरडले की मामा मुकाट्यानं टीव्ही बंद करतात आणि तेच युद्ध तोंडी सांगायला आमच्याकडं येतात.

सांगायला त्यांना नकाशा लागत नाही. एका मुंजीच्या पंगतीत त्यांनी पानातच मांडामांड केली. भाताचा ढीग म्हणजे रशिया, त्याला चिकटून जिलेबी म्हणजे युक्रेन आणि पलीकडच्या चटण्या-कोशिंबिरी म्हणजे पश्चिमेकडच्या देशांची लष्करी युती. मामा तिला 'सोयरेमंडळ' म्हणतात. "एकाला हात लावला की समदे धावून येणार, असा करार हाय त्यांचा. आता ह्या जिलेबीला वाटलं, आपणबी तितं सोयरीक करावी. झालं! भाताचं डोकं उठलं." तेवढ्यात वाढपी वरण घेऊन आला, तर मामा ओरडले, "थांब! सरहद्दीवर नको!" तो बिचारा असा दचकला की वरण आमच्या साहेबांच्या नव्या पँटीवर.

"म्हणून काय शेजाऱ्याच्या घरात घुसायचं?" मी चिडून म्हणाले.

"चूक घुसणाऱ्याचीच, ताई. बिलकुल त्याचीच. पण कामून घुसला तेबी बघावं लागतंय. जमीन त्याच्यापाशी लई हाय. पण लहान्यानं आपल्याला न विचारता परकी माणसं बांधावर आणून बसवली, हे थोरल्याला सोसत न्हाई."

थोरला, लहाना, बांध! मला ठाऊक होतं, मामा रशियाचं नाही, रेणापूरकडचं बोलत होते.

तिकडं त्यांचं वडिलोपार्जित रान आहे. अर्धं मामांचं, ते बटईनं दिलेलं, आणि अर्धं धाकट्या भावाचं, माधवचं. नांगरताना माधवनं हातभर बांध कोरला असा मामांचा आरोप. मोजणी मागवली, तर माधव सासरची सगळी माणसं घेऊन बांधावर उभा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मामी गेल्या तेव्हा माधव आला होता. दारात उभा राहिला, पुढं होईना. मामाही त्याला आत ये म्हणाले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात माधवच्या लेकीचं लग्न निघालं. ही पुतणी कॉलेजला असताना मामांकडंच राहिलेली, मामींची फार लाडकी. पत्रिका आली ती मोबाइलवर. मामा फणकारले, "फोटो धाडून सोयरे येत असतील. सख्ख्या भावाला बोलवायला माणूस यावा लागतो. मी जाणार न्हाई." मला वाईट वाटलं. कारण त्याच आठवड्यात त्यांनी मला बाजारात नेऊन पोरीसाठी साडी घेतली होती, तीही चांगली काठापदराची.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि रविवारी सकाळी मामा गेटवर हजर. त्यांच्या बटईदाराचा फोन आला होता.

"ताई, घुसखोरी! माधव्यानं मांडव घातला, आन् अर्धा मांडव माझ्या रानात! ना विचारणं, ना सांगणं. सरळ आक्रमण हाय हे!"

माझी लेक लातूरला क्लाससाठी होस्टेलवर असते. तिला भेटायला मी गाडी काढतच होते. रेणापूर तिथून जवळच. म्हटलं, बसा. मामा मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले. "कागदपत्रं हायेत," म्हणाले. पिशवीतून साडीचा काठ दिसत होता. मी गाडी सुरू केली. रस्ताभर एकच घोकणं चाललं होतं, "ह्याच्या मागं कोण हाय? व्याहीच असणार. का सासरे?"

रानात पोचलो. मांडव खरोखरच बांध ओलांडून चांगला आत आला होता. माधव एकटाच एका खांबाला दोरी आवळत होता. मामा ढेकळं तुडवत त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"कुणाला विचारून खांब रोवलास हितं? तुझ्या मागं कोण हाय, ते सांग आधी!"

माधवनं दोरी हातातून सोडली नाही.

"कोण न्हाई, दादा," तो म्हणाला. "विचारलं असतं तर तू फोनवर 'हाव, घाल' म्हणून नांदेडातच बसला असतास. म्हणून न विचारता घुसलो. म्हटलं, भांडायला तरी येशील."

मामांनी खांबाला हात लावला, हलवून बघितला.

"ढिला हाय," म्हणाले. "वारं सुटलं तर पोरीच्या डोक्यावर येईल. आन् आचारी कुठं बसवतोस? अजून आत घे. विहिरीपस्तोर घे." आणि दोरीचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच धरलं.

संध्याकाळी लातूरहून परतताना मी त्यांना घ्यायला थांबले, तर डोक्याला उपरणं बांधून आचाऱ्यावर ओरडत होते. "तुम्ही व्हा पुढं, ताई. सैन्य माघारी घ्यायचं अजून ठरलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा टीव्ही लागला नाही. डबे वेळेत झाले, घर शांत होतं, तरी मी आपली दोनदा कंपाउंडवरून डोकावून आले.