पडवीत किती

दाजीमास्तर परत आलेलं पुस्तक आधी हुंगत. मधोमध उघडायचं, नाक खुपसायचं, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "वाचलेलं नाही. फडताळात होतं. शेजारी लोणच्याची बरणी होती." समोरच्या शिक्षकाचा चेहरा बघितला की बरणीसुद्धा खरी असल्याचं कळायचं.

ही एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि दाजीमास्तर नुकतेच पेन्शनीत निघाले होते. थोरल्या भावाच्या घराच्या पडवीत त्यांचा एक लाकडी पेटारा होता. त्यात चाळीसेक पुस्तकं आणि चोपडी. विषय एकच: माणसामाणसांत उच्चनीच कुठून आलं आणि ते शाळेतून कसं घालवावं. पुस्तकं फक्त शिक्षकांना मिळत. एकदा एक वकील मोठ्या हौसेने आले, त्यांना हात हलवत परत जावं लागलं. "तुम्ही वाचलंत तर तुम्ही एकटे शहाणे व्हाल," दाजीमास्तर म्हणाले. "त्याला माझं पुस्तक कशाला झिजवायचं?"

वास घेऊन झाला की पुस्तकात काय होतं याबद्दल ते चकार शब्द विचारत नसत. कोणी आपणहून "लेखकाने मुद्दा फार मार्मिक मांडलाय" असं सुरू केलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "ते राहू दे. पडवीत किती?"

तेव्हा महारवाड्यातली, चांभारवाड्यातली मुलं शाळेत येत, पण वर्गात नाही. ती शाळेच्या पडवीत बसत आणि खिडकीतून शिकत. सगळ्यांना एकत्र बसवा, असा कागद वरून आलेला होता. बहुतेक शाळांत तो टेबलाच्या खणात अगदी नीट जपून ठेवलेला होता. पडवीत एक जरी मूल असेल तरी त्या शिक्षकाला दाजीमास्तर दुसरं पुस्तक देत नसत. तेच पुन्हा हातात ठेवत. एका मास्तरांनी एकच पुस्तक पाच वेळा नेलं. ते त्यांना तोंडपाठ झालं, पडवी मात्र भरलेलीच राहिली. दुसरे एकजण धीटपणे "पडवीत कोणी नाही" म्हणाले. दाजीमास्तर दुसऱ्या दिवशी काठी घेऊन, तरीच्या होडीने खाडी ओलांडून, भाट्याला त्यांच्या शाळेत मोजायला गेले. सात निघाले.

मला मिळालेलं पहिलं पुस्तक महारवाड्यातल्या एका मास्तरांकडून आलं होतं आणि त्याला सुकटीचा सणसणीत वास होता. मी ते घरी नेलं, वाचलं, मला फार आवडलं. त्याचा दुसरा भाग होता, तो कधी मिळतोय असं झालं. पण परत न्यायच्या दिवशी बघते तर पुस्तक ओलं. आईने त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं होतं.

"कुणाकुणाच्या हातातून फिरून आलंय ते, ठाऊक आहे का गो तुला?" आई म्हणाली. "पुस्तक आहे म्हणून जाळलं नाही हो मी."

शिवाशिव पाळू नये असं सांगणाऱ्या पुस्तकाची आमच्या घरात शुद्धी झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजीमास्तरांनी ते हुंगलं, डोळे उघडले आणि शांतपणे विचारलं, "आई का?" मी मान हलवली. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते खूश झाले. गावात एक कडक सोवळे हेडमास्तर होते, ते या पेटाऱ्यातल्या पुस्तकाला बोट लावायला तयार नसत. दाजीमास्तरांनी पुस्तक उन्हात वाळवलं आणि त्यांच्याकडे नेऊन दिलं. शुद्ध केलेलं आहे, एका बाईंच्या आईने स्वतःच्या हाताने केलंय, असं सांगितलं. हेडमास्तरांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

मला मात्र दुसरा भाग मिळाला नाही. माझ्या पडवीत दोघी होत्या, पारू आणि सोनी. मी अडचणी सांगितल्या: मुलींचे आईबाप, गावची मंडळी, माझी नवी नोकरी. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि पेटारा मिटला. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. बरोबर आहे म्हटल्यावर मला आठ दिवस चैन पडेना.

एका सोमवारी मी दोघींना हाताला धरून आत आणलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं. मंगळवारी तिसातल्या अकरा मुली आल्या. बुधवारी नऊ. आता नोकरी जाणार, असं मी धरूनच चालले होते. पण घरी बसलेल्या मुलींनी आयांना जीव नकोसा केला असावा, कारण शुक्रवारी एकवीस आल्या. पारू-सोनीकडे मात्र पहिले दोन दिवस कोणी बघितलंसुद्धा नाही, आणि त्या दोघी तीन दिवस पाटीवरून मान वर न करता बसल्या होत्या.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्यावर मी तशीच तडक दाजीमास्तरांकडे गेले. एरवी मी संध्याकाळी जायची. भर जेवणाच्या वेळी कधी गेले नव्हते. ते पडवीत पेटाऱ्याला पाठ लावून जेवत होते. पुढ्यात केळीचं पान, शेजारी वेगळा तांब्या. आत माजघरात घरच्यांची पंगत बसलेली दिसत होती. त्यांची वहिनी उंबऱ्याशी उभी राहून, वाकून, वरून आमटी वाढत होती.

मला वाटायचं, पेटारा पडवीत आहे म्हणून मास्तर पडवीत बसतात.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं. महारवाड्यातल्या त्या मास्तरांच्या घरी दाजीमास्तर एकदा चहा प्यायले होते, आठ वर्षांपूर्वी. तेव्हापासून हे असं, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. "काय करणार बाई, घरात लग्नाला आलेल्या नाती आहेत." बाई वाईट नव्हती. आमटी भरपूर वाढत होती.

दाजीमास्तर पानाकडे बघत होते. मी चपला काढल्या, पेटारा जरा सरकवला आणि जागा केली.

"काकू, माझंही पान इथेच मांडा."

"लोक बघतील हो."

"आठवडाभर बघतायतच."

त्या आत जाऊन पान घेऊन आल्या. मी जेवता जेवता दाजीमास्तरांना सगळं सांगितलं: नऊ मुलींचा बुधवार, एकवीस मुलींचा शुक्रवार, सोनीचं अक्षर. दाजीमास्तर फार सावकाश जेवत होते.

"बोलायला कोणी नसलं की जेवण फार लवकर उरकतं, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी उंबऱ्याकडे मान वळवून आणखी भात मागितला.

वहिनी भाताचं भांडं घेऊन आल्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "आठ वर्षांत आज पहिल्यांदा मागितलात."