दोन दावेदार, एक कोनफळ

यंदा राजेसाहेबांच्या मेजवानीत आपलं कोनफळ असं जाणार की वाहणाऱ्यांचे खांदे सोलून निघतील, हे अकापितोने मनाशी पक्कं केलं होतं. मनाशीच, कारण पोनपे बेटावर कोनफळाबद्दल कुणी बोलत नाही. दुसऱ्याच्या वेलाकडे पाहायचं नाही, कुठे लावलंय ते विचारायचं नाही, आणि आपलं घराएवढं झालं तरी "छे हो, बोटभर आहे" एवढंच म्हणायचं. पण ज्याचं कोनफळ मोठं, त्याला राजेसाहेब वरचा किताब देतात, आणि सभामंडपात त्याची बसायची जागाही वर सरकते.

अकापितोची जागा इतकी खाली होती की पाऊस आला तर त्याची पाठ आधी भिजायची. गेल्या वर्षी त्याने आणलेलं कोनफळ मेव्हण्याने, मेलसोरने, एका हाताने उचलून बाजूला ठेवलं होतं. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

तेव्हा यंदा त्याने ओढ्यापलीकडचं, सासुरवाडीच्या जमिनीच्या हद्दीवरचं नीरफणसाचं झाड निवडलं. तिकडे कुणी फिरकत नसे. झाडाच्या मुळाशी त्याने बेणं पुरलं आणि व्रत घेतलं: रोज पहाटे आधी प्रार्थना, मग मातीला हात.

व्रत लगेच फळलं. एके पहाटे येऊन पाहतो तो तण उपटलेलं, माती भुसभुशीत केलेली, आणि आज बांधू म्हणून ठेवलेला वेल काथ्याच्या दोरीने खोडाला छान बांधलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. अकापितो गुडघ्यांवरच बसला. देवदूत निंदणी करून गेला होता!

दुसरा कुणी असता तर चौकशी करता. पण चौकशी करायची म्हणजे जागा सांगायची. त्याने आपलं एक शहाळं सोलून, तोंड कापून झाडाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते रिकामं होतं. पुढे त्याने भाजलेला नीरफणस ठेवला. तोही स्वीकारला गेला. देवदूत पोनपेचाच आहे, याबद्दल अकापितोला शंका उरली नाही.

"अहो, रोज पहाटे कुठे जाता?" बायकोने, पेरपेदुआने, विचारलं.

"प्रार्थनेला."

"चर्चची वाट तर इकडून आहे."

"देव काय एकाच वाटेवर बसलाय?"

"आणि हे शहाळं?"

"तेही येतंय प्रार्थनेला."

मेजवानीच्या आदल्या दिवशी अकापितो आपल्या भाऊबंदांना, खणायच्या काठ्या आणि वाहायचे वासे घेऊन झाडापाशी पोचला. झाडाच्या पलीकडे मेलसोर उभा होता. त्याच्या हातातही काठी होती, आणि मागे त्याची माणसं, त्यांच्याही खांद्यावर वासे. दुसऱ्याच्या वेलाकडे पाहणं असभ्य, म्हणून सगळे एकदम आभाळाकडे पाहू लागले.

"दाजी, इकडे कुठे?"

"सहज. तू रे?"

"मीही सहजच."

वेल एकच होता.

"इथं माझं एक बारकंसं काहीतरी आहे," अकापितो जपून म्हणाला.

"बारकं म्हणजे केवढं?"

"करंगळीएवढं."

"मग ते माझं. माझं करंगळीहून बारीक आहे."

"माझं तर असून नसल्यासारखं आहे."

"दाजी, जे नाहीच, ते न्यायला एवढी माणसं?"

वासेवाल्यांनी आभाळ अजूनच निरखून पाहायला सुरुवात केली. काही खांदे हलत होते.

"हे बघा," मेलसोर शेवटी हळूच म्हणाला, "मी रोज दुपारी, सगळे झोपले की इथे येतो. आणि माझ्या वारलेल्या आजोबांचा आशीर्वाद आहे याला. ते माझ्यासाठी शहाळं ठेवतात."

अकापितोचा चेहरा उतरला. "तोंड कापलेलं?"

"हो."

"भाजलेला नीरफणसही?"

"एकदा. जरा करपला होता."

त्या क्षणी अकापितोच्या देवदूताचे पंख गळाले आणि त्याला मेव्हण्याच्या मिशा फुटल्या. बेणी दोघांनी लावली होती, झाडाच्या दोन अंगांना. एक कुजलं होतं, एक वाढलं होतं. कुणाचं कोणतं, हे काही माती सांगेना.

मग भांडण बाजूला ठेवून सगळ्यांनी मिळून खणलं. ऊन डोक्यावर आलं तरी टोक लागेना. शेवटी जे वर आलं ते आडव्या पडलेल्या डुकरिणीसारखं, तिच्या पिल्लांसकट. ते उचलायला दोन्हीकडची माणसं आणि दोन्हीकडचे वासे लागले.

मेजवानीत ते मंडपात शिरलं आणि न पाहण्याची सगळी रीत गळून पडली. राजेसाहेबांच्या पेयासाठी सकाऊची मुळं कुटणाऱ्यांचे दगडसुद्धा थांबले.

"कुणाचं?" राजेसाहेबांनी विचारलं.

अकापितोच्या तोंडात 'माझं' हा शब्द वर्षभर भिजत पडला होता. पण एवढ्या कोनफळापुढे, राजेसाहेबांसमोर 'माझं' म्हणायचं म्हणजे भर मंडपात वस्त्रं फेडण्यासारखंच. त्याची जीभ आपसूक वळली.

"मेलसोरचं."

त्याच दमात मेलसोर म्हणाला, "दाजींचं."

राजेसाहेबांनी सकाऊची करवंटी खाली ठेवली. "अकापितो, नक्की मेव्हण्याचं?"

"हो, राजेसाहेब." आत काळीज धाय मोकलून रडत होतं.

"मेलसोर, नक्की दाजींचं?"

"नक्की."

"मग दोघांचाही शब्द मी खरा धरतो," राजेसाहेब म्हणाले, आणि दोघांनाही वरचे किताब जाहीर झाले.

अकापितो उठला आणि माणसांमधून वाट काढत पार पुढच्या खांबापाशी जाऊन बसला. बायकांच्या बाजूने पेरपेदुआ त्याच्याकडे अशी पाहत होती, जणू तिला आजच नवरा दाखवलाय. बायकोचे काका, ज्यांनी आजवर त्याच्याशी फक्त पावसापाण्याचं बोलणं केलं होतं, ते सरकून त्याला जागा देत होते. आयुष्यात एवढं सुख त्याला कधी झालं नव्हतं.

"फक्त," राजेसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी दोघांनी वेगवेगळं आणा. आणि यापेक्षा लहान नको."

आता पंचाईत अशी, की एवढं कोनफळ कसं वाढवायचं हे अकापितोला अर्धंच ठाऊक. पहाटे आपण काय केलं ते तो जाणतो. दुपारी तिथं काय झालं ते मेलसोर जाणे. आणि विचारायची तर रीत नाही.

हल्ली चर्चमध्ये दोघे एकाच बाकावर खेटून बसतात. फादर सगळ्यांना सांगतात, नात्यात जिव्हाळा असावा तर असा.

"हवा बरी आहे, दाजी."

"बरी आहे."

"पहाटेचं काय करता हल्ली?"

"झोपतो. आणि तू दुपारी?"

"मीही झोपतो."