माणिकरावांची गार बैठक

"यंदा तळ्यावरचा वारा आधी कुणाच्या अंगाला लागतोय, ते बघाच!" माणिकराव करकंबकरांनी आरशात बघत टोपी सारखी केली, आणि आरशातल्या माणिकरावांनीही ताबडतोब मान डोलावली.

त्यांच्या पत्नीला, कस्तुराबाईंना, मात्र घाई होती. "कुणाच्या का लागंना! समद्यांचाच घाम वाळतोय की," असं म्हणून त्यांनी वेणीत मोगरा माळला आणि त्या निघाल्यासुद्धा.

माणिकराव त्या मोगऱ्याकडे बघत राहिले. रविवार म्हणून दिवसभर नवरा घरात होता, तेव्हा या बाईने केसही विंचरले नव्हते! आणि आता तळ्यावर जायचं म्हटल्यावर मोगरा!

सोलापूरचा वैशाख ज्याने भोगला नाही, त्याला तळ्याचं महत्त्व कळायचं नाही. दुपारी रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली बदलण्यापुरतंच उठतं. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, की अख्खं गाव बगलेत सतरंजी मारून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हवा खायला येतं. या सतरंज्यांचाही एक कायदा होता. पाडव्याला ज्याची सतरंजी जिथं पडली, ती जागा मृग लागेपर्यंत त्याची. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच सगळे पाळत.

माणिकराव गिरणीच्या कापड-गुदामात हेडक्लार्क होते. पाडव्याला ते श्रीखंड खाऊन आडवे झाले आणि उठेपर्यंत चांगल्या जागा संपल्या. त्यांच्या वाट्याला आली धोब्यांच्या दगडांमागची जागा. तिथं वारा यायचा, पण वाळत घातलेल्या कपड्यांना विचारून यायचा. आणि पाळीवरची सगळ्यात गार, कडुलिंबाच्या झाडाखालची जागा मिळाली शेजारच्या गुरुपादप्पांना!

हे गुरुपादप्पा म्हणजे चाटी गल्लीतले कापडवाले. गल्ली त्यांना अण्णा म्हणे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि गोष्टी सांगण्याची हौस या दोन्हींहून मोठी. कोण आलं, की "या की हो! बसा की हो!" म्हणून ते ढेरी अर्धी वीत मागे घ्यायचे आणि समोरच्याला जागा करून द्यायचे. हळूहळू अर्धी गल्ली त्यांच्या सतरंजीवर बसू लागली. त्यांत कस्तुराबाईही होत्या.

याचंही माणिकरावांनी मनाला लावून घेतलं नसतं. पण एकदा त्यांनी अण्णांना मोडनिंबच्या बाजारातल्या बैलाची गोष्ट सांगितली. विकलेला बैल रात्री दावं तोडून घरी परत आला आणि मालकाने चोर समजून त्यालाच नमस्कार केला, अशी काहीतरी ती गोष्ट. हीच गोष्ट त्यांनी आधी घरी कस्तुराबाईंना सांगितली होती. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बरं. मीठ संपलंय."

आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांनी लिंबाखाली तीच गोष्ट सांगितली, तेव्हा कस्तुराबाई डोळ्यांना पदर लावून हसल्या! इतक्या हसल्या, की शेवटी अण्णांच्या महादेवीबाईंना त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला!

माणिकरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. बैल त्यांचा, बाजार त्यांचा, बायको त्यांची, आणि हसणं मात्र अण्णांचं! त्यांच्या पोटात असा काही जाळ उठला, की त्यापुढं बाहेरचा वैशाख गार वाटावा. हे सगळं त्या जागेमुळं, असं त्यांनी ठरवून टाकलं. तसा वारा अंगावर घेत सांगितलं, तर रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा गोड लागेल!

आणि मग त्यांना युक्ती सुचली. कायदा होता पाळीवरच्या जागांना. पण उन्हाळ्यात तळं आटून पाणी आत सरकलं होतं. पाळ आणि पाणी यांच्या मधे तळ्याचं पोट उघडं पडलं होतं. तिथं कुणीच बसत नव्हतं. पाण्यावरून येणारा वारा आधी तिथंच लागणार, आणि अण्णांना मिळणार तो उष्टा!

शनिवारी दुपारी त्यांनी बंदेनवाज पखाल्याला गाठलं. बंदेनवाजकडे एक रेडा होता, सुलतान. सुलतानच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून तो गल्लोगल्ली पाणी घालायचा.

"बंदेनवाज, जागा अशी गार झाली पाहिजे, की बसलेला माणूस उठता कामा नये!"

"फिकर नक्को साब," बंदेनवाज म्हणाला, "ऐसा गार करतौं, उठने का दिलच नै होएंगा."

जमीन उन्हाने तडकली होती. भेगा अशा, की छत्री घातली तर मुठीपर्यंत जावी. बंदेनवाजने पहिली पखाल सोडली. पाणी भेगांत गडप झालं.

"अजून!" माणिकराव म्हणाले.

"पी गई, साब."

"अजून! कंजुषी करू नका!"

"फिर पी गई, साब. लई प्यासी हाय."

"पिऊ द्या! अजून!"

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माणिकरावांचा जन्म करकंबचा. काळ्या मातीत लोळून मोठा झालेला माणूस. एका पावसाने त्या मातीत बैलगाडी रुतते आणि अर्ध्या गावाला खांदा लावावा लागतो, हे त्यांनी स्वतः खांदा लावून पाहिलं होतं. ही माती पाणी पिते ती हिशेब ठेवून, हे करकंबचं शेंबडं पोरही सांगेल. पण डोक्यात गुरुपादअण्णा बसल्यावर तिथं मातीला जागा कुठली उरणार?

जाजम ओलं होऊ नये म्हणून त्यांनी खाली कडबा पसरायला लावला. कडबा बंदेनवाजच्याच घरचा, म्हणजे सुलतानच्या रात्रीच्या जेवणाचा. त्यावर गिरणीतून आणलेलं नवंकोरं जाजम घातलं. मधोमध कापलेली कलिंगडं मांडली. आणि अंबुबाईंसाठी ऑफिसातली खुर्ची.

अंबुबाई म्हणजे गल्लीच्या सुईण. अर्धी गल्ली त्यांच्याच हातांवर जन्मली, त्यामुळे अर्ध्या गल्लीला त्या अरेतुरे करत आणि उरलेली अर्धी घाबरून तेच ऐकून घेई. अंबुबाई जिथं बसतील, तिथं गल्ली बसणार, हे माणिकराव ओळखून होते.

"दिवेलागणीला कडेकडेनं एक शेवटचं शिंपण करून जा," त्यांनी बंदेनवाजला बजावलं आणि घरी जाऊन कोट आणि पंपशू चढवले.

भोंगा झाला. गल्ली तळ्यावर आली. माणिकराव जाजमाच्या मधोमध उभे राहून लग्नघरच्या यजमानासारखे ओरडत होते, "या! या! कलिंगड घ्या!"

कलिंगड बघून अंबुबाई खाली उतरल्या. अंबुबाई उतरल्या म्हणून गल्ली उतरली. आणि वारा आला! असा आला, की कस्तुराबाईंचा पदर फडफडला, बायकांनी डोळे मिटले, आणि खरं सांगायचं तर माणिकरावांचेही पाणावले.

"व्हय की हो," कस्तुराबाई म्हणाल्या, "लई गार लागतंय हितं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माणिकरावांना कुणी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी पाळीकडे पाहिलं. लिंबाखाली गुरुपादअण्णा आणि महादेवीबाई दोघंच उरले होते. अण्णा थोडा वेळ झाडाकडे बघत बसले. मग उठले, आणि सतरंजी गुंडाळून चक्क खाली आले!

"माणिकराव, जागा हाय का आमाला?"

"आहे की! तिकडं कडेला आहे बघा!" माणिकराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी आठवडाभर घोकलं होतं.

अण्णा बिचारे पाळीच्या पायथ्याशी, मुरमावर, जाजमाच्या अगदी टोकाला टेकले. माणिकरावांनी घसा साफ केला. "तर मंडळी, मोडनिंबच्या बाजारात एक बैल..."

"माणक्या," अंबुबाई मधेच म्हणाल्या, "मी खाली चाललीया, का तुमी समदी वर चाललाय?"

सगळ्यांनी पाहिलं. ऑफिसची खुर्ची शांतपणे, नोकरीतल्या माणसाच्या शिस्तीने, जमिनीत उतरत होती.

"काही नाही, खुर्ची बसतेय जरा," माणिकराव म्हणाले. "तर तो बैल..."

"मला पण ओलं लागतंय," कुणीतरी म्हणालं.

"गारवा आहे तो!"

"गारवा वर येतोय, माणिकराव!"

आणि नेमक्या त्याच वेळी शेवटचं शिंपण करायला बंदेनवाज आला. बरोबर सुलतान, पाठीवर भरलेली पखाल.

आता सुलतानच्या बाजूने विचार करा. दिवसभर उन्हात पाणी वाहिलेलं. समोर पाहतो तर ताजा चिखल, आणि त्या चिखलावर आपलंच रात्रीचं जेवण पसरलेलं! वैशाखात रेड्याने देवाकडे आणखी काय मागावं?

"हाट्! हाट्! सुलतान! उधर नक्को!" बंदेनवाज कासरा ओढत ओरडला. सुलतानने ऐकलं नाही. तो माणसं बाजूला सारत जाजमावर चढला, एका टोकाखालून कडब्याचा घास ओढून काढला, एक लांब उसासा सोडला आणि मधोमध बसला. बसला तो बसला, वर कूस बदलली! पखाल फुटली. पाण्याचा असा लोंढा आला, की कलिंगडाच्या फोडी होड्यांसारख्या निघाल्या.

मग काय! एकच कल्लोळ! जो उठायला जाई, त्याचा पाय आत. पाय काढायला हात टेकवी, तर हात आत. "यव्वा! यव्वा!" असं महादेवीबाई पाळीवरून ओरडत होत्या. अंबुबाईंच्या खुर्चीचे पाय पुरते दिसेनासे झाले होते आणि त्या जमिनीच्या पातळीला बसून गल्लीला वाट्टेल ते बोलत होत्या. त्यांना ओढायला माणिकराव धावले आणि गुडघ्यापर्यंत गेले. एक पंपशू वर आला. दुसरा आजही त्या तळ्यात आहे.

जाजमावरच्यांत कोरडे राहिले होते एकटे गुरुपादअण्णा! कारण ते मुरमावर बसले होते, आणि तिथं त्यांना कुणी बसवलं, हे माणिकरावांना चांगलंच ठाऊक होतं. अण्णांनी डोक्याचा लांबलचक पटका सोडला, कापडवाल्याच्या झोकात फेकला आणि एकेकाला ओढायला लागले.

"धरा! असली सोलापुरी वीण हाय, तुटायची न्हाय! अंबुबाई, जोर करा! दुसऱ्यांच्या बायकांना एवढं सांगितलं, आता सोता करा की!"

अंबुबाई सपकन बाहेर आल्या. पाळीवर टाळ्या पडल्या. कारण एव्हाना वरच्या सगळ्या सतरंज्या रिकाम्या होऊन अर्धं सोलापूर बघायला जमलं होतं.

आणि एवढ्यात माणिकरावांना हसू ऐकू आलं. कस्तुराबाई! अंगभर चिखल, मोगरा कुठल्या कुठं गेलेला, आणि त्या डोळ्यांना पदर लावून हसत होत्या! बैलाच्या गोष्टीला हसल्या त्यापेक्षाही जास्त! माणिकराव रुतायचं विसरून बघत राहिले. ही हसली! आपल्यामुळं हसली! त्यांचा ऊर भरून आला.

"माणिकराव," अण्णा वरून म्हणाले, "तुमचं माप घ्यायला सोपं झालंय बघा. निम्मं धोतर आतच हाय!"

कस्तुराबाई आणखी हसल्या. तेव्हा कुठं माणिकरावांच्या लक्षात आलं, की ती बघतेय अण्णांकडे.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी तळ्यावर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. कस्तुराबाई मोगरा माळून गेल्या. ते घरात पंख्याने वारा घेत बसले. थोडा वेळ बसले. मग वाटलं, आपल्यामागं तिथं काय बोलत असतील? आणि अनवाणीच निघाले, कारण एका पंपशूचं काय करणार?

लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा हात वर करून सांगत होते, "...आणि आमचे माणिकराव घोट्यापर्यंत चिखलात!"

"घोटा?" माणिकराव गर्दीतून ओरडले. "घोटा कसला! गुडघा! चांगला गुडघ्यापर्यंत होतो मी!"

सगळे वळले. अण्णांनी ढेरी मागे घेतली आणि अगदी मनापासून म्हणाले, "या की हो! तुमीच सांगा. गोष्ट तुमची हाय."

माणिकराव लिंबाखाली, त्या जागेवर बसले. वारा तोंडावर आला. समोर अख्खी गल्ली, आणि पुढच्या ओळीत कस्तुराबाई. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. जमीन कशी भेगाळली होती, पखाल कशी सोडली, जाजम किती लांबरुंद होतं, सगळं क्रमाने, बारकाईने सांगितलं. कुणी हसलं नाही. अंबुबाईंनी जांभई दिली.

"मग रेडा बसला," माणिकराव म्हणाले.

"पुढं?" अंबुबाई म्हणाल्या.

"पुढं काय... बसला."

तेव्हा कस्तुराबाईंनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, अण्णांना सांगू द्या की. तितं काय झालं, तुमाला काय ठावं!"

माणिकराव उठून बाजूला बसले. आणि पुढं काय झालं ते नीट ऐकू यावं, म्हणून जरा पुढे सरकले.