वाढतं माप

खाद्य तपासायची जाळीची ताटली शिंप्याने सकाळी तळ्यातून वर काढली, तेव्हा तिच्यात एकोणीस सालं होती. डोकं, पाय, मिशा, शेपटी, सगळं जागच्या जागी. आत कोळंबी मात्र एकातही नव्हती. खाद्याला तोंडही लागलं नव्हतं.

दुकानातली शिलाई मशिनं विकून त्याने हे तळं खोदलं होतं. पहिलंच पीक. एक साल उजेडाकडे धरून तो म्हणाला, “मेली. सगळी मेली.”

“मेली असती तर आत मांस नसतं का, दाजी?” मुक्कामाला आलेला मेहुणा म्हणाला. “ही कुणीतरी सोलून खाल्लीय.”

“आणि सालं परत पाण्यात टाकली?” बायकोने विचारलं.

“शिस्तीचा चोर असेल.”

“काल तू जेवायला नको म्हणालास, ते का रे?”

शिंप्याने व्यापाऱ्याला फोन लावला. “रोग आलाय! पसरायच्या आत सगळा माल उचला!”

“येतो. तोवर पाण्यात हवा कमी पडू देऊ नका.”

हवा मिसळणारं एक चाक फिरतच होतं. शिंप्याने दुसरंही सुरू केलं, वर पंपही लावला. फ्यूज उडाला आणि दोन्ही चाकं थांबली. थोड्याच वेळात कोळंबी काठाशी वर येऊ लागली.

“जिवंत आहेत!” मेहुणा ओरडला.

“आता मरतील!” शिंपी त्याहून मोठ्याने ओरडला.

मेहुण्याने वल्हं घेतलं, बायकोने परात, शिंप्याने कापड आखायची पट्टी. तिघं पाणी बडवत असतानाच व्यापाऱ्याची गाडी आली. त्याच्या ड्रायव्हरने आधी पंप बंद करून फ्यूज बसवला. चाकं फिरू लागल्यावर व्यापाऱ्याने एक कोळंबी बोटांत दाबली.

“मऊ आहे. कात टाकलीय. असला माल आज कोणी घेणार नाही.”

“म्हणजे रोग नाही?”

“अहो, अंग वाढलं, कपडे घट्ट झाले, काढून टाकले. शिंपी ना तुम्ही?”

“मग खाद्य का नाही खाल्लं?”

“कपडे बदलताना तुम्ही जेवता का? आठवड्याने येतो. तोवर यांना जरा एकांत द्या.”

गाडी गेल्यावर शिंप्याने बायकोकडे न बघता गळ्यातला टेप काढला. सकाळचं साल ताणून फळीवर ठेवलं. शेजारी एक कोळंबी धरली.

साल अकरा सेंटिमीटर. कोळंबी साडेअकरा.