सर्वांनी पाहिलेला चित्रपट

सुसंस्कृत माणसाची प्रतिष्ठा तो आज काय पाहतो यावर नव्हे, तर त्याने पूर्वी काय काय पाहून ठेवले आहे यावर ठरते. हे तत्त्व मान्य करून कांदिवलीच्या समाधान सोसायटीने १९८६ सालच्या एका शनिवार-रविवारसाठी व्हीसीआर भाड्याने आणला. संध्याकाळी कोणता अभिजात चित्रपट पाहावा हे ठरवायला पाच जणांची उपसमिती नेमली. (रंगीत टीव्ही श्यामकांत चौबळांचा, म्हणून अध्यक्ष ते. माझे अक्षर बरे, म्हणून चिटणीस मी.)

व्याख्या

अभिजात चित्रपट म्हणजे (अ) कृष्णधवल, (आ) ज्यात गाणे संपेपर्यंत कोणालाही घाई नसते, (इ) ज्याचे नाव निघताच सुजाण माणूस डोळे मिटून "अहाहा" म्हणतो. तिन्ही कसोट्यांना उतरणारी एक कॅसेट व्हिडिओ लायब्ररीत होती. चौबळांनी ती आणून फ्रिजवर, क्रोशाच्या रुमालावर ठेवली.

अर्ज (तोंडी)

तळमजल्यावरच्या रत्नप्रभाकाकू तिरोडकर, वय बासष्ट. सोळाव्या वर्षी त्या याच चित्रपटात घाटावर घागर भरणाऱ्या मुलींमध्ये होत्या. डावीकडून तिसऱ्या. आधी वडिलांनी आणि मग नवऱ्याने तो त्यांना बघू दिला नाही. नवरा गेल्या वर्षी वारला. सोमवारी सकाळी त्या कायमच्या गावी, वेंगुर्ल्याजवळ भावाकडे निघणार होत्या. भावाकडे अजून वीज नाही.

"माका एकदाच बघूचो आसा," काकू म्हणाल्या. "मी तेच्यात कशी दिसतंय, ता माकाच ठावक नाय."

समितीला गहिवरून आले. (तशी नोंद केली.)

नियम चार

जो चित्रपट सगळ्यांनी पाहिला आहे, त्यावर मशीन झिजवू नये. निदान एका सभासदाने "पाहिलेला नाही" असे लिहून सही करावी.

कागद बिऱ्हाडोबिऱ्हाडी फिरवला. प्रौढ सभासद एकेचाळीस. पाहिला आहे: चाळीस. त्यांपैकी चित्रपट थिएटरात लागला तोवर जन्मलेले: नऊ. तेव्हा मुंबईत असलेले: दोन. "पाहिला (तीनदा)" असे लिहिणारे: एक, वय एकोणीस.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुंदा प्रधानने शंका काढली. "सगळ्यांनी पाहिलाय ना? मग शेवट काय आहे, सांगा."

"नायिका जाते," चौबळ म्हणाले.

"अरे, नायक जातो रे! पार वाट लागते त्याची," समितीचे सभासद जयवंत सावंत म्हणाले.

"दोघं काशीला जातात," चौबळांच्या पत्नी सुनंदाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

मतभेद हे अभिजाततेचेच लक्षण असल्याने तिन्ही शेवट इतिवृत्तात घेतले.

"आणि तू गं? तू पाहिलायस का?" सुनंदाबाईंनी विचारले.

"म्हणजे काय! लहानपणीच," कुंदा म्हणाली आणि बशीत चहा ओतू लागली.

एकेचाळिसावी सही

काकूंनी "पाहिलेला नाही" या रकान्यात सही केली. समितीने ती एकमताने बाद ठरवली. जी व्यक्ती चित्रपटात आहे, तिने तो पाहिलेला नाही असे कसे म्हणता येईल?

तर्कशुद्ध निवड

आता कोणीच न पाहिलेला चित्रपट शोधणे आले. सुदैवाने लायब्ररीत एक नवा हिंदी मारधाडीचा चित्रपट होता. त्याच्यासमोर चाळीसही जणांनी "असले आम्ही बघत नाही" असे ठामपणे लिहिले. म्हणून अभिजात चित्रपटाच्या संध्याकाळी तोच लागला. प्रत्येक संवाद खलनायकाच्या आधी प्रेक्षकांनी म्हटला. (समिती याला सामूहिक अंतर्ज्ञान मानते.)

बेत बदलल्याचे काकूंना कोणी सांगितले नव्हते. त्या हिरवे, जरीकाठाचे लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कोणीतरी पाण्याच्या टाकीत पडले, तेव्हा त्या पुढे वाकल्या.

"घाट इलो काय?"

"अजून वेळ आहे, काकू," चौबळ म्हणाले.

रविवार

मशीन संध्याकाळी सातला परत जाणार होते. जुना चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा. म्हणजे पाचला दहा कमीपर्यंत कोणाचीही एक सही चालली असती. कागद फ्रिजजवळ, पेन कागदावर. लोक येत होते, अहाहा म्हणत होते, फ्रिजमधले थंड पाणी पिऊन जात होते.

पाचला वीस मिनिटे कमी असताना मी पेन उचलले. शाई आहे का ते पाहिले. होती. पेन ठेवून दिले.

सोमवार

रिक्षा फाटकाशी उभी होती. निरोपाला बहुतेक सगळी सोसायटी खाली आली. काकूंनी ट्रंकेवर हात ठेवून सगळ्यांकडे एकदा पाहिले.

"तुमी सगळ्यांनी बघितल्यात मां? मगे सांगा. मी कशी दिसतंय तेच्यात?"

"सुरेख," चौबळ म्हणाले.

"एकदम झकास, काकू!" जयवंत म्हणाले.

"डावीकडून तिसऱ्या ना? लगेच ओळखू येता," कुंदा म्हणाली.

मीही मान हलवली. काकूंचा चेहरा असा उजळला, की आमच्यापैकी एकालाही वर बघवेना. त्या समाधानाने गेल्या. सोसायटीच्या नावाचे सार्थक झाले. (ही नोंद कोणाच्या सूचनेवरून नाही.)

परिशिष्ट

आता वाचकहो, तुमचे. घाट, घागर, तिसरी मुलगी एवढ्यावरून तुम्हीही मघाशी मनात म्हणालात ना, की कळला, कुठला चित्रपट ते, पाहिलाय आपण?

मी त्याचे नाव अजून सांगितलेले नाही.

कागद माझ्याकडेच आहे. "पाहिलेला नाही" या रकान्यात बाद ठरलेल्या एका सहीखाली भरपूर जागा आहे. पेन हे घ्या.