बिरूतात्यांचं मधलं कार्ड

आमच्या वरच्या मजल्यावरचे बिरूतात्या रोज संध्याकाळी पायात जाड धनगरी पायताणं चढवतात आणि घरातल्या घरात डोंगर चढायला लागतात. डोळ्यांवर तो व्हीआरचा काळा डबा, दोन्ही हातांत दोन दांड्या. डब्यात त्यांना गवताळ डोंगर दिसतो, मान खाली घातली की दरी दिसते. खाली मला एवढंच दिसतं की माझा बंद पंखा हलतोय.

"तात्या, निदान पायताणं तरी काढा," मी एकदा वर जाऊन म्हणाले.

"डोंगरात अनवाणी कोन जातंय, बाई? काटं असत्यात."

तात्या मूळचे म्हसवडकडचे, मेंढपाळांच्या घरातले. कुपवाडच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर सांगलीत आमच्या सोसायटीत आले. "मी कुनाचं ऐकून म्हातारा झालेलो न्हाई" हे त्यांचं लाडकं वाक्य. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ते ऐकवून झालंय.

सुरुवातीला त्यांचा डोंगर अडखळायचा. "मान आदी वळती, डोंगर मागनं येतोय," अशी त्यांची तक्रार. एक दिवस चढणीवरच त्यांना ओकारी झाली. डबा ज्या कॉम्प्युटरला जोडला होता तो दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं, त्यातलं चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल. तेव्हा खोक्यांवरचं इंग्रजी वाचायला म्हणून तात्या मला स्कूटरवर मागं बसवून दुकानात घेऊन गेले.

"नातवाला का?" दुकानदारानं विचारलं.

"आजोबाला."

दुकानदारानं तीन कार्डं पुढं मांडली. सगळ्यात मोठ्या कार्डाला तीन पंखे होते. तात्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "माज्या आख्ख्या घरात दोन पंखं हायत," म्हणाले आणि बाजूला ठेवलं. लहानाकडं तर बघितलंही नाही. मधलं उचललं.

"मोठं घ्या काका. पाच वर्षं बघायला नको."

"मला पाच वर्षं बघायचंच हाय गड्या, म्हनून तर घेतोय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कळपातलं म्होरचं मेंढरू दरीत पडतंय, मागचं लांडगा न्हेतोय. मधलं तेवढं घरी येतंय."

कार्ड त्यांनी स्वतःच बसवलं. त्या दिवसापासून डोंगर मानेबरोबर वळू लागला आणि माझा पंखा जास्तच हलू लागला.

शेवटी सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, "तात्या, वय काय आपलं? हे खेळ पोरांचे. भजनाला येत जा."

"पोरांनी डोंगर चढायचा आन म्हाताऱ्यानं टाळ कुटायचं, असं कुटं लिवलंय? दावा मला." तात्या उभे राहिले. "घर माजं, पाय माजं, पायतान माजं. चालनं बंद व्हनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मात्र कारखान्यातून आणलेलं जाड रबर त्यांनी घरभर अंथरलं. बैठकीत हे का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "मग त्यांना वाटलं असतं, त्यांचं ऐकलं."

थंडीत त्यांच्याकडं थोरले भाऊ आले. म्हाळूदादा. घसरून पडल्यानं खुबा मोडला होता, मिरजेत ऑपरेशन झालं होतं. ते अंथरुणाला खिळले तेव्हा मुलांनी गावाकडची मेंढरं विकून टाकली. म्हातारा दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचा. बोलणं नाही, ताटात अन्न तसंच.

एका संध्याकाळी मी दादांसाठी लापशी घेऊन वर गेले. तात्यांनी दादांना खाटेवर उशांना टेकवून बसवलं होतं. डोळ्यांवर तो डबा बांधत होते, सैल, कान दुमडू नये असा.

"मी शाळंच्या बाकावर बसलो, बाई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "रान ह्यानं तुडीवलं, माज्या वाटनीचंबी. मला आता कळतंय किती चालला आसंल."

डबा सुरू झाला. दादांची मान हळूहळू डावीकडं गेली, उजवीकडं गेली.

"गवात बरं हाय," ते म्हणाले.

तात्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

"मेंढरं कुटं हायती?"

त्या खेळात मेंढरं नव्हती. तात्या गडबडले. "मागं हायत, दादा. येत्यात."

"आवाज येईना."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग सोसायटीच्या बैठकीला गप्प करणारा तो माणूस खाटेच्या मागं जमिनीवर बसला आणि बारीक आवाजात ओरडला, "ब्यॅऽ."

दादांनी कान दिला. सुरकुतलेला चेहरा जरासा हलला. त्यांनी मागं हात नेला आणि तो हवेतच खाली, बरोबर तात्यांच्या डोक्याच्या उंचीवर, धरून ठेवला.

"धाकलं हाय," ते म्हणाले. "दमलं आसंल. येऊ दे. मी थांबतो."

तात्या गुडघ्यांवर थोडे पुढं सरकले, आणि आणखी जवळून, आणखी हळू ओरडले.